तोंड धुऊन या

मधुकर मेस्ताची थुंकी मी दोन वेळा फेकून दिली, आणि दोन्ही वेळा वर त्यालाच झाडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला उगाच शहाणी समजणार नाही.

मी सुविधा, कारापूरची. बावीस वर्षं क्षयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. इतर बायका सकाळी देवापुढे फुलं मांडतात, मी ओळीने थुंकीच्या डब्या मांडते. सासूबाई होत्या तोवर माझ्या हातचा चहा घेण्याआधी न चुकता विचारायच्या, हात धुतलेस ना गो? मी रोज हो म्हणायचे आणि आत जाऊन भांडी आपटायचे. एकच गोष्ट रोज रोज ऐकावी लागली की माझं डोकं फिरतं. आणि गंमत बघा, आमच्या खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः रोज तेच ऐकवते: तोंड धुऊन या, खोल श्वास घ्या, छातीतून काढा, लाळ नको.

त्यालाही कारण आहे. तोंडातले साधे जंतू नमुन्यात आले तर ते जंतू वाढवायच्या बाटलीत चार दिवसांत माजतात आणि सगळं नासवतात. क्षयाचा जंतू त्यांच्यापुढे अगदी आळशी. त्याला उगवायला तीन आठवडे लागतात, कधी सहा. म्हणून आमच्या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरलेली असते: आठवड्याच्या आत जे उगवलं ते आपलं नव्हे, ती घाण. बाटली जंतुनाशकाच्या डब्यात टाकायची, कागदावर ‘नमुना दूषित, पुन्हा पाठवा’ असं लिहायचं आणि पुढची बाटली हातात घ्यायची. नियम सांगतो की टाकण्याआधी त्यातला थेंब काचेवर घेऊन रंगवून बघा. पण मी हजारो बाटल्या बघितलेली बाई. मला रंगवायची काय गरज? मी नुसत्या नजरेने सांगायचे.

मधुकरच्या बाबतीतही नजरेनेच सांगितलं, आणि त्याचे चार महिने गेले.

मधुकर मूळचा बांद्याकडचा, पण तीस वर्षं सुर्ल्यात राहिलेला. खनिजाच्या ट्रकांचा मेकॅनिक, म्हणून सगळे त्याला मेस्त म्हणतात. खाणी जोरात होत्या तेव्हा त्याच्या गॅरेजसमोर ट्रकांची रांग लागायची. खाणी बंद झाल्या तेव्हा तो स्कूटरी दुरुस्त करत दिवस काढत राहिला. आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्या, ट्रक पुन्हा त्याच्या दारात आले, आणि नेमका तेव्हाच हा खोकून खोकून अर्धा झाला. तीस वर्षांची लाल धूळ छातीत साठलेली, दुसरं काय होणार? डिचोलीत आता कॉम्प्युटर जोडून इंजिन तपासणारे झालेत, तरी जुने ड्रायव्हर आधी मधुकरकडे जातात. तो एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, टोक चालू इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. मग कुठलं बेअरिंग गेलंय आणि कुठला वाल्व्ह वाजतोय ते सांगून मोकळा होतो. त्याचं सगळं दुकान त्या दोन कानांवर चालतं.

त्याच्या थुंकीत आम्हाला लाल काड्या दिसल्या होत्या, क्षयाच्या जंतूसारख्याच. पण जनुकं ओळखणारं आमचं यंत्र म्हणालं, हा क्षय नव्हे. असा पेच पडला की निवाडा बाटली करते. जंतू वाढवायचा आणि कोण आहे तो बघायचं. तोवर क्षयाच्या गोळ्या चालू. मधुकरच्या बाटलीत चौथ्याच दिवशी पांढरट काहीतरी उगवलं. मी ती फेकली. पुढच्या खेपेला तो खिडकीवर आला तेव्हा त्याला नीट समज दिली की तोंड न धुता नमुना दिला की असंच होतं.

दीड महिन्याने दुसरा नमुना आला. त्यातही चौथ्या दिवशी तेच पांढरं. या वेळी मी जरा जास्तच बोलले. रांगेतल्या दहा माणसांसमोर विचारलं, पान खाऊन येता की काय? तो पान खातही नाही, हे मला नंतर कळलं. त्याची बायको सुमन मागे उभी होती, तिने नवऱ्याकडे असं बघितलं की मीच नजर वळवली. तेव्हापासून ती पिशवीत मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन फिरायला लागली. येताना बसस्टॉपवर एकदा, फाटकाशी एकदा, खिडकीच्या बाहेर एकदा, अशी त्याला चुळा भरायला लावायची आणि प्रत्येक चुळीला एक वाक्य सुनवायची. तुझ्यामुळे दिवस गेले, तुझ्यामुळे औषध लागू पडेना. मधुकर मान खाली घालून चुळा भरायचा.

तिसरा नमुना आला तेव्हा मी भाचीच्या लग्नाला पेडण्याला गेले होते. प्रयोगशाळेत सिद्धी होती, आमच्याकडे नुकतीच लागलेली पोर, तीही पेडण्याचीच. तिच्याकडे बावीस वर्षांची नजर नव्हती, म्हणून तिने नियमात लिहिलंय तेच केलं. उगवलेल्या पांढऱ्या गोळ्यातला कण काचेवर घेतला आणि रंगवला. मी परत आले तर माझ्या टेबलावर चिठ्ठी होती, मॅडम, फेकू नका, एकदा बघा. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लाल काड्याच लाल काड्या.

तो क्षयाचा जंतू नव्हताच. तो त्याचा भाऊबंद, नाव मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस. मातीत राहतो, पाण्यात राहतो, धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण धुळीने खराब झालेली छाती मिळाली की बिऱ्हाड करतो. क्षयाच्या गोळ्यांना भीक घालत नाही. आणि उगवतो चार दिवसांत. म्हणजे मी घाण म्हणून जे दोन वेळा फेकलं, तेच मधुकरचं दुखणं होतं.

आमच्या चुकांच्या वहीत मी सगळं खरं लिहिलं. छातीचे डॉक्टर कृष्णनाथ यांनाही सांगितलं. ते म्हणाले, आता पुढचं बघू. पण मधुकरला कुणी सांगितलं नाही. म्हणजे मी सांगितलं नाही, सांगायचं काम माझंच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशालाही वाटत होतं की चोरी आपणच केली.

डॉक्टरांनी त्याला नवी औषधं सुरू केली. क्लॅरिथ्रोमायसिनची गोळी, आणखी एकदोन औषधं, आणि सोमवार, बुधवार, शनिवार एक इंजेक्शन. इंजेक्शन भारी कामाचं, पण त्याची एक खोड आहे. ते कान खातं. तिसऱ्या आठवड्यात मधुकरच्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली. तपासलं तर डाव्या कानाला बारीक आवाज कमी ऐकू येत होते. आणि गेलेलं परत येईल याची हमी कुणी देत नाही.

डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. त्याच्या जंतूवर गोळी चालते हे प्रयोगशाळेने सिद्ध केलं, तर ते इंजेक्शन त्याच दिवशी बंद करतील आणि गोळ्यांवर पुढचं वर्ष काढतील. गोळी चालत नसेल, तर इंजेक्शन आणखी कित्येक महिने घ्यावं लागेल. मग छाती वाचेल, कान जातील. मधुकरला त्यांनी हेच सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला होता म्हणे, की कान गेल्यावर वाचलेल्या छातीचं तो गॅरेजात काय करणार.

ही चाचणी पूर्वी आम्ही बाहेर पाठवायचो, गेल्या वर्षापासून इथेच करतो. हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिला आप्पेपात्रासारखे खळगे, पण वाटाण्याएवढे आणि शहाण्णव. एकेका औषधाला एकेक ओळ. पहिल्या खळग्यात औषध कडक, पुढच्यात निम्मं, त्याच्या पुढच्यात त्याच्या निम्मं, असं उतरत जायचं. मग प्रत्येक खळग्यात रोग्याचा जंतू सोडायचा, वरून पातळ पापुद्रा चिकटवायचा म्हणजे आतलं सुकत नाही, आणि प्लेट इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार कपाटात ठेवायची. जिथे औषध जिंकलं तिथलं पाणी नितळ. जिथे जंतू जिंकला तिथे तळाशी पांढरा ठिपका.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी मधुकरची प्लेट लावली. शेजारी तुलनेला दुसरी प्लेट लावली, तिच्यात आमच्याकडे जपून ठेवलेला त्याच जातीचा एक जंतू, ज्याचा स्वभाव आम्हाला आधीच ठाऊक आहे. तो आहे लबाड. या जातीतल्या पुष्कळांना ही विद्या येते. पहिले काही दिवस गोळीच्या औषधापुढे मेल्यासारखे पडून राहतात, आणि त्या औषधाच्याच संगतीत राहून त्याला पुरून उरायला शिकतात. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसंच. सून नऊ दिवस खालमानेने वावरते, दहाव्या दिवशी कळतं घरात कोण आलंय. म्हणून बाकीची औषधं पाचव्या दिवशी वाचली, तरी क्लॅरिथ्रोमायसिनची ही ओळ चौदाव्या दिवसापर्यंत वाचायची नाही, असा नियम आहे.

पाचवा दिवस शनिवारी आला. प्लेट उजेडात धरली. क्लॅरिथ्रोमायसिनची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नितळ. त्याच सकाळी सुमन खिडकीवर येऊन गेली होती आणि शिट्टी आता रात्रंदिवस वाजते असं सांगून गेली होती. चौदाव्या दिवसापर्यंत थांबायचं म्हणजे आजचं इंजेक्शन, मग सोमवारचं, बुधवारचं, पुढल्या शनिवारचं. चार सुया, आणि चारही कानात जाणार. मी कॉम्प्युटरवर बसले आणि निकाल टाइप केला. औषध लागू. मला मधुकरची माफी हवी होती, आणि ती मागायला न जाता अशी छापून मिळत होती.

आमच्याकडे निकालावर दोन सह्या लागतात. मी कागद सिद्धीपुढे ठेवला. तिने तारीख बघितली आणि पेन खाली ठेवलं. मग मी तिला बरंच बोलले. तू शाळेत पाटी फोडत होतीस तेव्हापासून मी या खोलीत आहे, असंही बोलले. तिचे कान लाल झाले, पण ती जागची हलली नाही.

“मॅडम, अजून नव दीस आसत,” ती म्हणाली. “मी सही करूचंय नाय.”

तिने चिठ्ठीचा विषय काढला नाही. काढला असता तर मी आणखी भांडले असते. काढला नाही म्हणून मी खुर्चीत बसले, आणि बसल्यावर मला दिसलं की मी तिसऱ्यांदा तेच करतेय. दोन वेळा घाईने फेकलं, आता घाईने निकाल देते आहे. मी कागद फाडला.

इंजेक्शन घेऊन मधुकर खिडकीवर आला तेव्हा त्याला सांगितलं की दिसतंय बरं, पण अजून नऊ दिवस मी काही बोलू शकत नाही. सुमन हताश होऊन बाकावर जाऊन बसली. थांबायला तयार असल्यासारखी मधुकरने मान हलवली.

“इंजन उघडल्यावर घाई करूची नाय, बाई. मी रवतंय.”

पण तो लगेच गेला नाही. खिडकीच्या चौकटीला हात टेकून, मान तिरकी करून आत बघत राहिला. म्हणजे बघत नव्हता, ऐकत होता. म्हणाला, आत तुमची एक मशीन आहे, तिचा पंखा खरखरतोय, बेअरिंग गेलंय, चार दिवस काढणार नाही ती. आधीच मी सिद्धीवर चिडलेली, स्वतःवर त्याहून चिडलेली. तोंडातून निघून गेलं, आधी स्वतःचे कान सांभाळा. बोलले आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द काय परत येतो?

मधुकरला राग आला नाही. जिन्नस दाखवून समजवावा तसा त्याने मला दोन आवाजांतला फरक सावकाश समजावला.

“माझ्या कानातली शिट्टी बारीक, बाई. ह्यो आवाज जाडो. दोन्ही वायले.”

मी खिडकीची काच ओढून घेतली.

दुपारी डबा उघडला. उंडो पाव आणि कडधान्याचं तोणाक होतं, माझ्या आवडीचं, पण खाण्यात लक्ष लागेना. डोक्यात एकच घोळत होतं. बाटलीत उगवलेला जंतू मला आपली जात सांगत होता, मी ऐकलं नाही. सिद्धी सांगत होती, तिच्यावर ओरडले. आता हा माणूस सांगतोय, ज्याला सगळा डिचोली तालुका कानासाठी ओळखतो, तर त्याच्या कानावरच बोलून बसले. मी डबा झाकला, खणातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक मोठ्या इन्क्युबेटरच्या पाठीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळेही मिटले, त्याच्यासारखे. आत काहीतरी खरवडत होतं, जात्यात खडा अडकावा तसं. सिद्धी दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं असेल, मॅडम गेल्या कामातून.

दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो मंगळवारी येतो म्हणाला. मग आम्ही दोघींनी मिळून मधुकरची प्लेट आणि तिच्या शेजारची प्लेट उचलली आणि पलीकडच्या खोलीतल्या लहान इन्क्युबेटरमध्ये नेऊन ठेवल्या. लहानात जागा तेवढीच होती. बाकीच्या बाटल्या मोठ्यातच राहिल्या.

रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा मोठा इन्क्युबेटर गप्प होता. पंखा बंद पडलेला, आतली उष्णता एका जागी कोंडलेली, तीस अंश हवेत तिथे काटा चव्वेचाळीसवर. आतलं सगळं वाया गेलं होतं. पंधरा माणसांना नमुने पुन्हा द्यायला सांगावे लागले. मी पंधरा कागद स्वतः लिहिले, आणि कारणाच्या रकान्यात पहिल्यांदाच लिहिलं: यंत्र आमचं बिघडलं, तुमचा नमुना चांगला होता. लिहिताना वाटलं, हे वाक्य कुणाला आधी सांगायला हवं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

बुधवारी, म्हणजे नवव्या दिवशी, शेजारच्या प्लेटने शिंगं दाखवली. पाचव्या दिवशी जी ओळ मधुकरच्या ओळीइतकीच नितळ होती, तिच्यात तळाशी पांढरे ठिपके धरायला लागले. आमचा जुना लबाड जंतू जागा झाला होता. मी दोन्ही प्लेटी हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. शनिवारच्या कागदावर सही झाली असती आणि मधुकरचा जंतू या जातीचा निघाला असता, तर डॉक्टरांनी माझ्या शब्दावर इंजेक्शन बंद केलं असतं आणि आतल्या आत छाती पोखरली गेली असती. मग मी सिद्धीला चहा करून दिला. हात धुऊन.

मधुकरची ओळ अजून नितळ होती, पण नवव्या दिवशी नितळ असण्याला काय अर्थ? गुरुवारी बघितली, शुक्रवारी बघितली, शनिवारी बघितली. शनिवारी एका खळग्यात काहीतरी पांढरं दिसलं. पापुद्र्यावरचा कापसाचा तंतू निघाला. रविवारी विठ्ठलापूरच्या देवळात गेले. मागायचं काय ते कळेना. जंतू मेलेलाच राहू दे, असं मागणं देवालाही विचित्र वाटलं असेल. मागितलं तरी.

चौदाव्या दिवशी, सोमवारी, आम्ही आठ वाजताच आलो. इंजेक्शनची वेळ दहाची. आमची पद्धत अशी की दोघींनी प्लेट वेगवेगळी वाचायची, आपापल्या कागदावर लिहायचं आणि मगच कागद शेजारी ठेवायचे, म्हणजे एकीची आशा दुसरीच्या डोळ्यांत उतरत नाही. आधी सिद्धीने वाचली. तिचा चेहरा मी मुद्दाम बघितला नाही. मग मी वाचली. एकेक खळगा, उजेडात, मग काळ्या कागदावर, मग पुन्हा उजेडात. शेजारची प्लेट पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. मधुकरची ओळ, जिथे औषध जवळजवळ नाहीच अशा शेवटच्या खळग्यापर्यंत, पहिल्या दिवशी होती तशी नितळ. त्याच्या जंतूला ती विद्या येतच नव्हती.

कागद शेजारी ठेवले. आकडा एकच. सिद्धीने मी न मागता सही केली आणि मग ती रडली. मी पण रडले. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

डॉक्टर कृष्णनाथांनी कागद वाचला आणि सोमवारची सुई तिथल्या तिथे खोडली. मधुकरला त्यांनी समजावून सांगितलं की गोळ्या वर्षभर न चुकता घ्यायच्या, वाट लांब आहे. डाव्या कानातली शिट्टी कदाचित कायमची सोबत करील, पण जेवढा कान उरलाय तेवढा आता राहील. उजवा तर जवळजवळ शाबूत आहे, आणि स्क्रूड्रायव्हर तो उजव्यालाच लावतो. हे मला शिपायाने येऊन सांगितलं. मी आपलं काम करत बसले. आनंद झाला होता, पण पोटात एक गोष्ट तशीच अडकून होती.

साडेदहाला मधुकर खिडकीवर आला. त्याला मला फक्त सांगायचं होतं की सुई बंद झाली. ते मला माहीतच आहे म्हटल्यावरही त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुमन मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात एक नवा माणूस डबी घेऊन आला, वयाने पोरसवदा, खोकून डोळे लाल झालेला. मी माझं रोजचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण मधुकर माझ्याआधी त्याच्याकडे वळला.

“तोंड बरा धू हां,” तो त्याला आपुलकीने म्हणाला. “मी नीट धुवूक नाय, माझे चार म्हयने गेले.”

माझ्या पोटात अडकलेलं ते वर आलं. बावीस वर्षांत त्या खिडकीतून मी खूप बोलले, पण हे वाक्य काढताना माझा आवाज एवढासा झाला. कोंकणीतूनच बोलले, राग आणि लाज दोन्ही मला घरच्याच बोलीत येतात.

“मधुकरबाब, तुमी तोंड बरें धुयतालात. दोनूय फावट चूक म्हजी. तुमचो जंतू हांवें वळखलो ना, उडयलो.”

मधुकरने उजवा हात उजव्या कानामागे धरला आणि पुढे वाकला.

“काय म्हणालात, बाई? जरा मोठ्यान सांगा.”

उजवा कान? तो तर बरा होता ना? आम्ही उशीर केला की काय? मी खिडकीत तोंड घातलं आणि जीव तोडून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मधुकरबाबांचं तोंड स्वच्छ होतं, दोन्ही नमुने चांगले होते, त्यांचा जंतू मी घाण म्हणून फेकला, चार महिने माझ्यामुळे गेले, त्यांच्यामुळे नव्हे.

बाकावरच्या सुमनने मान वर केली.

मधुकरने कानामागचा हात सावकाश खाली घेतला. त्याच्या मिशीखाली हसू फुटत होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, वळून बायकोकडे बघत होता.

“आयकलंस मां, सुमन?”

तेव्हा मला कळलं की त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. खरखरणारा पंखा भिंतीपलीकडून ओळखणारा माणूस तो, दोन हातांवरून बोललेलं त्याला ऐकू येणार नाही? मला राग यायला हवा होता, माझ्या स्वभावाप्रमाणे. आला नाही. उलट हलकं वाटलं.

सुमन उठली. ती मला काहीतरी बोलेल म्हणून मी तयारी केली, आणि बोलायचा तिला पूर्ण हक्क होता. पण ती माझ्याकडे आलीच नाही. ती नवऱ्यापाशी गेली, त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावरचा धागा काढल्यासारखं केलं आणि तिथे हात तसाच ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग पिशवीतून मिठाच्या पाण्याची बाटली काढून बाहेरच्या नळाशी गेली, बाटली उलटी करून सगळं पाणी ओतून टाकलं, आणि रिकामी बाटली पुन्हा पिशवीत ठेवली.